ओदेचे सहा ओरखडे

सरळ बसा, मित्रांनो. मी एक जुनी पेटी आहे. माझ्यासमोर पाय पसरून बसलेले मला कधीच खपलेले नाही. अक्रोडाचे लाकूड, साडेतीन हात लांबी, चार गड्यांशिवाय न हलणारे वजन आणि पाचशे वर्षांचे वय, एवढी ओळख पुरे. तुम्हाला मी मित्रांनो म्हणते, यातच तुमचा मान आहे. फ्रान्समधल्या ज्या उमराव घराण्यात मी वाढले, तिथे माझ्या झाकणाला हात लावण्याची परवानगीदेखील तिघांनाच होती.

सध्या माझा मुक्काम आखातातल्या उम्म अल कुवैनच्या औद्योगिक भागात आहे. जुन्या लाकडी सामानाची दुरुस्ती करून ते विकणाऱ्या एका मराठी कुटुंबाचा हा कारखाना. वर पत्र्याचे छप्पर, बाहेर वाळू, आणि आत दिवसभर घरघरणारा एसी. वर्षभर कानावर पडून तुमची भाषा मला येऊ लागली. उद्या सकाळी ट्रक येईल आणि मला अबुधाबीच्या एका हॉटेलात नेईल. तिथे माझ्यावर फुलदाणी ठेवणार आहेत म्हणे. उभ्या आयुष्यात मी फुलदाणी वाहिलेली नाही. पण त्याविषयी मला तक्रार करायची नाही.

मला बोलायचे आहे ते एका मुलाविषयी. त्याचे नाव ओदे. तो एकोणीस वर्षे जगला. त्याच्या मरणात माझाही वाटा आहे, आणि त्याची या जगात एकच खूण उरली होती: माझ्या झाकणाच्या कडेवरचे सहा ओरखडे. ते ठेवायचे की घालवायचे, याचा निकाल या आठवड्यात लागला. तो ऐकण्याआधी तुम्हाला ओदे माहीत असला पाहिजे.

लुआर नदीच्या खोऱ्यात मोंतारेल नावाची एक गढी होती. तिथल्या तरुण उमरावाचे लग्न ठरले तेव्हा नवऱ्या मुलीसाठी, म्हणजे इझाबोसाठी, मला घडवण्यात आले. सुताराने माझ्यावर दोन हिवाळे घालवले. झाकणावर आणि दर्शनी बाजूवर त्याने दोन्ही घराण्यांची चिन्हे कोरली: तीन मनोरे आणि एक करकोचा. करकोच्याच्या पंखातले पीस न् पीस मोजता येत असे. पाठीला मात्र त्याने साध्या फळ्या ठोकल्या आणि साध्या बिजागऱ्या लावल्या. पाठ भिंतीला लागणार, तिथे कोण बघणार, असा त्याचा हिशोब होता. कुलूप मात्र असे बसवले, की किल्लीवाचून ते उघडून दाखवणाऱ्याला मी माझी नक्षी काढून दिली असती. मला त्या कुलपाचा फार अभिमान होता.

त्या काळी उमराव मंडळी एका जागी वर्ष काढत नसत. ऋतू बदलला की गढी बदलायची आणि सारे सामान खेचरांच्या गाड्यांवर चढायचे. मी प्रत्येक प्रवासात पुढच्या गाडीवर असे. पावसात भिजले, चिखलात उलटले, पण आतल्या कापडाला कधी डाग लागू दिला नाही. मुक्कामाला पोहोचल्यावर सर्वांसमक्ष मला उघडले जाई आणि इझाबो म्हणे, "पाहा, कोरडे!" तेव्हा मला जे वाटे, ते तुम्हाला कळण्यासाठी तुमचे कधीतरी चारचौघांत कौतुक झालेले असावे लागते.

लग्नाच्या तिसऱ्या वर्षी ओदे झाला. तो चार वर्षांचा असताना त्याचे वडील इटलीच्या लढाईवर गेले. परत आला तो त्यांचा पोलादी गळपट्टा. कडेला सोनेरी रेघ असलेला, गळा आणि खांद्याचा उतार झाकणारा. इझाबोने तो लोकरीच्या कापडात गुंडाळून माझ्या तळाशी ठेवला, किल्ली कमरेला लावली, आणि त्या दिवसापासून त्या घरात मोठ्याने हसणारे एकच माणूस उरले. ते साडेतीन फुटांचे होते.

ओदे माझ्यावर बसून बूट चढवायचा आणि टाचांनी माझ्या अंगावर ढोल वाजवायचा. एकदा तो माझ्या आत शिरला आणि धुतलेल्या चादरींवर झोपी गेला. झाकण मी एक बोटभर उघडे धरले होते. खरे म्हणजे चादरीचा कोपरा मध्ये आला होता, पण श्रेय मी घेते. सारी गढी त्याला शोधत होती. तळ्यात माणसे उतरली. सापडल्यावर इझाबोने त्याला एक थप्पड दिली, आणि मग जेवण संपेपर्यंत त्याचा हात सोडला नाही. एका हाताने कसे जेवायचे असे त्याने विचारले, तर म्हणाली, "जे सुटलेले आहे त्याने जेव." सुटलेला हात डावा होता. ओदेला तेच हवे होते. तो डावखुरा होता.

आठव्या वर्षी त्याला एका ड्यूकच्या वाड्यावर पाठवले. उमरावांची मुले अशीच वाढत: दुसऱ्याच्या घरी, दुसऱ्याचे पेले भरत, दुसऱ्याच्या कुत्र्यांना फिरवत. डाव्या हाताला तिथे दोरीने पाठीशी बांधले गेले. पंधराव्या वर्षी तो परतला तेव्हा उजव्या हाताने तलवार चालवत होता, उजव्या हाताने लिहीत होता, लॅटिन बोलत होता आणि नाचताना कोणाच्या पायावर पाय देत नव्हता. आई वळली की मात्र नासपती सोलायला सुरी डाव्या हातात जाई. घाई झाली, राग आला, भूक लागली, की डावा हात दोरी विसरून पुढे येई.

तो कविता करीत असे, आणि त्या फार वाईट असत. मी हे प्रेमाने सांगते. माझ्यावर बसून तो त्या मोठ्याने वाचायचा. जुळत नसलेल्या यमकापाशी थांबायचा आणि स्वतःच हसायचा. त्याला लढाईची हौस नव्हती. दक्षिणेच्या उतारावर नासपतीची बाग लावायची, कोणत्या जातीची किती झाडे, पाण्याचा पाट कुठून आणायचा, याचा त्याने एक कागद तयार केला होता. पहिली चाळीस रोपे येत्या शरद ऋतूत लावायची होती.

त्या वर्षी उन्हाळ्यातच जर्मन सम्राटाचे सैन्य पूर्वेकडून चाल करून आले आणि राजाने उमरावांना बोलावले. ओदे एकोणीस वर्षांचा होता, आणि बोलावणे मोंतारेलच्या नावाने आले होते. मोंतारेल आता तोच होता.

इझाबोने त्याला अडवले नाही. सबंध आठवडा तिने त्याच्या तयारीवर देखरेख केली. गळपट्टा वडिलांचाच घालायचा, असे त्याने सांगितले तेव्हा मान हलवली. तिला चिलखताची पूर्ण माहिती होती. गळपट्टा आधी चढतो आणि खांद्यांचे पोलाद त्याच्या पट्ट्यांना अडकते. तो नसेल तर खांदे नाहीत, खांदे नसतील तर दंड नाहीत. गळपट्टा गेला, की चिलखताची केवळ भांडी उरतात. निघण्याच्या दिवशी पहाटे तिने गळपट्टा आतच ठेवून मला कुलूप लावले, किल्ली कमरेला खोचली, प्रार्थनेच्या खोलीत गेली आणि दार आतून बंद करून घेतले.

तिचे गणित साधे होते. शस्त्रसाज अपुरा असलेला उमराव रणात जात नाही. सोबती खोळंबतील, चिडतील, निघून जातील. मुलगा महिनाभर आईशी बोलणार नाही. शरद ऋतूत नासपती लावील.

अंगणात सोबत्यांचे घोडे उभे होते. ओदेने त्या दारावर दोनदा थाप मारली. आतली कडी निघाली नाही. तो माझ्यापाशी आला आणि गुडघ्यांवर बसला.

खालून कोणीतरी ओरडले, "मोंतारेल! आईने कडी लावली काय रे?"

सगळे हसले. त्यांत वाईट कोणी नव्हते. तीही एकोणीस-वीस वर्षांचीच होती.

त्याने कमरेचा खंजीर काढला. डाव्या हाताने. झाकण आणि अंग यांच्यामधल्या फटीत त्याने पाते घातले आणि दाबले. मी हलले नाही. पुन्हा दाबले. पाते घसरले आणि माझ्या कडेवर एक लांब ओरखडा उमटला. असे सहा वेळा झाले. मित्रांनो, त्या क्षणी मला काय वाटत होते ते मी आजवर कोणाला सांगितलेले नाही. मला अभिमान वाटत होता. कुलूप टिकले, याचा.

म्हातारा बर्त्राँ, त्याच्या वडिलांच्या वेळचा चाकर, लाकडे फोडायची कुऱ्हाड घेऊन आला. म्हणाला, "धनी, बाजूला व्हा. एकच घाव."

"झाकणावर काय आहे ते बघितलेस ना?" ओदे म्हणाला.

"लाकूड आहे, धनी."

"बाबांचे चिन्ह आहे. राजद्रोह्याच्या घरी जल्लाद येतो आणि चिन्हावर कुऱ्हाड घालतो. ते माझ्या हाताने, माझ्याच घरी करू?"

"तुमचे बाबा असते तर त्यांनी स्वतः घातली असती."

ओदेने खंजीर म्यानात घातला. बर्त्राँ कुऱ्हाड धरून उभा राहिला. आणि मी, जिला सर्व माहीत होते, मी गप्प होते. माझी पाठ साधी होती! तिथे ना मनोरे, ना करकोचा. मला भिंतीपासून हातभर ओढले असते आणि बिजागऱ्यांचे चार खिळे उपटले असते, तर झाकण मागून उघडले असते. कोणाचा मान गेला नसता. पण घाईत माणसाला पाठ दिसत नाही, आणि लाकडाला तोंड नसते.

ओदे उठला. जाताना त्याने माझ्या कोरीव अंगावर टाचेने एकदाच ठक् केले. लहानपणीसारखे. रागाने की लाडाने, ते मला आजही ठरवता आलेले नाही. खाली जाऊन त्याने छातीचे पोलाद चढवले आणि गळ्याला रुमाल बांधला.

अकरा दिवसांनी एका नदीच्या उतारावर चकमक झाली. तिला इतिहासात नाव नाही. भाल्याचे टोक गळ्याखाली लागले. बर्त्राँने त्याला गाडीवर घालून आणले.

इझाबोने चौथ्या दिवशी मला उघडले. गळपट्टा बाहेर काढून बाहीने पुसला. तो स्वच्छच होता. तो ओदेच्या सोबत थडग्यात गेला. त्यानंतर तिने मला कधी कुलूप लावले नाही. एका दासीने ओरखड्यांत मेण भरायला घेतले, तेव्हा इझाबो एवढेच म्हणाली, "तिथून हात काढ." दासीने काढला. पुढची अठ्ठावीस वर्षे त्या कडेला मेण लागले नाही.

आणि मी? मला लाज वाटत होती. केलेल्या कृत्याची नव्हे, ओरखड्यांची. पाहुण्यांची नजर माझ्या करकोच्यावर न जाता त्या कडेवर जाई आणि मी आतल्या आत कुढे. एवढी मी उथळ होते.

पुढचे थोडक्यात सांगते, कारण त्यात सांगण्यासारखे फार नाही. इझाबो गेली, गढी चुलत नातलगांकडे गेली, मग विकली गेली. ओदेच्या कविता कोणीतरी चुलीत घातल्या. बागेचा कागद उंदरांनी खाल्ला. देवळाचे छप्पर कोसळले आणि त्याच्या थडग्याची फरशी एका गोठ्यात बसवली गेली, अक्षरे खाली करून. माझ्यात शंभर वर्षे ओट भरले. कोंबड्यांनी माझ्यावर अंडी घातली. कोणीतरी मला पुन्हा कुलूप लावले आणि किल्ली हरवली. शेवटी एका लिलावात माझे फोटो निघाले आणि ते समुद्रापलीकडे एका फोनवर पोहोचले.

तो फोन संग्रामचा. संग्राम हा या कारखान्याचा मालक, कै. अण्णासाहेबांचा मुलगा. अण्णासाहेबांनी चाळीस वर्षांपूर्वी शारजात एका गाळ्यात हा धंदा सुरू केला. भिंतीवर त्यांची तसबीर आहे. त्यांच्या पत्नी कमलिनीबाई सत्तरी ओलांडून गेल्या, पण दर शनिवारी शारजातल्या अल मजाजच्या घरून गाडीने येतात, खुर्चीवर बसतात आणि बाहेर जाणारी प्रत्येक वस्तू स्वतः पाहून घेतात. त्यांनी मान हलवल्याशिवाय ट्रक निघत नाही. त्या आत आल्या की एसीचा आवाजही कमी होतो, असे मला वाटते. मला त्या पहिल्या दिवसापासून आवडल्या. बरोबरीचे माणूस ओळखू येते.

माझे काम भिवाकडे आले. भिवा कणकवलीकडचा, पन्नाशीचा, वीस वर्षे इथेच. त्याने माझ्याभोवती एक फेरी मारली, कुलूप पाहिले, तीन माणसांना हाक मारून मला भिंतीपासून ओढले आणि पाठ वळवली. पटाशीने बिजागऱ्यांचे खिळे एकेक करून उपटले. चहाचा कप निवायच्या आत झाकण मागून उघडले. संग्राम म्हणाला, "वा रे! कुलपाला हातही नाही लावला?"

"पाठ साधी आहे, साहेब," भिवा म्हणाला. "साध्या बाजूनं जायचं."

मित्रांनो, तेव्हा मला काय झाले ते विचारू नका.

काही आठवडे कीड काढणे, भेगा भरणे असे सुरू होते. मग गेल्या सोमवारी संग्रामने माझ्या कडेवर बोट ठेवले. "भिवा, हे स्क्रॅचेस खलास पाहिजेत. क्लायंटने फोटो झूम करून विचारलंय. हॉटेलवाल्यांना पीस एकदम क्लीन हवाय. शनिवारी आई बघेल, सोमवारी डिस्पॅच."

खरे सांगते, मला आनंद झाला. चारशे ऐंशी वर्षे जे मिरवावे लागले, ते आता जाणार! मी पुन्हा करकोच्याची पेटी होणार!

भिवाने दिवा जवळ आणला. बोटाने पहिला ओरखडा चाचपला, मग दुसरा. सहाव्यापर्यंत गेला आणि पुन्हा पहिल्यावर आला. मग त्याने हातातली कानस उलटी धरली, माझ्यासमोर गुडघ्यांवर बसला, आधी उजव्या हाताने फटीत घालून पाहिली आणि नंतर डाव्या हाताने.

"साहेब," तो म्हणाला, "हे वापराचे ओरखडे नाय. कोणीतरी पातं घालून उघडायला बघितलंय. डावखुरा होता."

संग्राम हसला. "हबीबी, तू सुतार आहेस की सीआयडी?"

"बघा ना. पात्याचा कल बघा, सगळे एकाच बाजूनं चढतात. आणि घाईत होता. पण नक्षीला एक टवका नाय गेलेला, साहेब. चोर असता तर झाकणच फोडलं असतं. हा घरचाच माणूस."

मित्रांनो, ओदे गेल्यानंतर त्याच्याविषयी एखादे खरे वाक्य प्रथमच माझ्यासमोर बोलले गेले. ते बोलणाऱ्याला त्याचे नाव माहीत नव्हते, देश माहीत नव्हता. त्याने ते केवळ माझ्या अंगावरून वाचले. आणि मला त्या क्षणी कळले, की मी ज्यांची लाज धरली ते डाग नव्हते. तो ओदे होता. त्याचा डावा हात, त्याची घाई, त्याने राखलेला मान, सर्व त्या सहा रेघांत होते आणि अन्यत्र कुठेही नव्हते. आता ते जाऊ नयेत एवढेच मला हवे होते, आणि माझी इच्छा विचारणारे कोणी नव्हते.

भिवाने मात्र काम थांबवले. "काकूंना विचारतो," म्हणाला. "त्या सांगतील तसं."

काल शनिवार होता. कमलिनीबाई आल्या, बरोबर नात पर्णिका. पर्णिका दहा वर्षांची आहे. भिवाने दोघींना दिवा धरून सर्व दाखवले.

"ओ माय गॉड, आजी!" पर्णिका म्हणाली. "इट्स लाइक एव्हिडन्स! समबडी वॉज राइट हिअर!"

"मराठीत बोल."

"कोणीतरी होतं, आजी. इथे. असं बसलेलं." ती माझ्यासमोर गुडघ्यांवर बसली. "ॲन्ड आय ॲम ऑल्सो लेफ्टी! त्याला काय पाहिजे होतं आतलं?"

"ते आता कोण सांगणार?" कमलिनीबाई म्हणाल्या. त्यांनी चष्मा लावला आणि तळवा माझ्या कडेवर ठेवला. बराच वेळ ठेवला. हात थंड होता, बांगडी माझ्या लाकडाला टेकली होती. मी माझ्यात उरलेला सर्व जीव त्या कडेत आणला. तळवा उचलू नका, एवढेच मी म्हणत होते.

"काकू, मी म्हणतो राहू द्या," भिवा हळूच म्हणाला. "गिऱ्हाइकाला सांगू, जुनी खूण आहे. एखादा कागद लावू बाजूला. मी बाकी अशी चमकवतो, की..."

"आई, प्लीज," संग्राम म्हणाला. "लॉबीत पाचशे लोक येणार. कोण कागद वाचतं? म्हणतील इंडियन पार्टीने डॅमेज पीस दिला. सगळं काम परत करतील."

कमलिनीबाईंनी वर तसबिरीकडे पाहिले. मी त्यांचा चेहरा ओळखला. तो चेहरा मी पूर्वी एकदा पाहिला होता, एका पहाटे, किल्ली कमरेला खोचली जाताना. घर राखायला निघालेल्या बाईचा चेहरा.

"भिवा," त्या म्हणाल्या, "हयातभर अण्णासाहेबांनी बोट ठेवण्यासारखी एक वस्तू या दारातून बाहेर जाऊ दिली नाही. लोकांनी नावं ठेवायला टपलेलं असायचं आणि यांनी जागा द्यायची नाही, असं आमचं गेलं आयुष्य. ते गेले म्हणून आता मी ओरखडा पाठवू? आणि वर कागद लावून त्याची कारणं देऊ?"

"पण काकू, कोणाची तरी..."

"असेल कोणाची. त्याचं भलं होवो. तू रंधा घे."

"आजी, दॅट्स नॉट फेअर!"

"पर्णिका, ऊठ. फ्रॉकला भुसा लागला बघ."

मला त्यांचा राग आला नाही. त्यांच्या जागी मी असते तर मीही हेच म्हटले असते. पाचशे वर्षे मी दुसरे काय म्हणत होते?

भिवाने आज सकाळी काम केले. नमस्कार करतात तसा त्याने आधी कडेला हात लावला. मग रंधा लावला, हलका, एकेक पापुद्रा निघेल इतका. तो उत्तम कारागीर आहे. पहिला ओरखडा गेला, दुसरा गेला. सहावा सर्वांत खोल होता. तिथे तो थांबला, दाराकडे पाहिले, डोक्यावरचा रुमाल काढून तोंड पुसले, आणि मग तोही गेला. पॉलिश पेपर फिरला, लाखेचे हात बसले. दुपारी एका पोऱ्याने झाडू मारला आणि ढलप्या सिमेंटच्या रिकाम्या पिशवीत गेल्या.

संध्याकाळी संग्रामने फोनवर फोटो दाखवला. पलीकडून कमलिनीबाईंचा आवाज आला: "आता शोभते आपल्या घरची. भिवाला म्हणावं, हात सोन्याचा आहे." पाचशे वर्षांत माझे एवढे कौतुक कोणी केले नव्हते. करकोचा चकाकतो आहे. कड आरशासारखी आहे. तुम्ही हॉटेलात आलात तर खुशाल हात फिरवून पाहा; काहीही लागणार नाही.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू आपली कहाणी संपवताना म्हणतात, आम्हाला जपा. मी तसे म्हणणार नाही. मला पुष्कळ जपले गेले. ओदेने मला एकदा जपले आणि तो गेला. कमलिनीबाईंनी मला दुसऱ्यांदा जपले आणि तो पुन्हा गेला. दोन्ही वेळा मी सुखरूप राहिले. म्हणून वयाच्या अधिकाराने तुम्हाला बजावते: एका बाजूला वस्तूचा मान आणि दुसऱ्या बाजूला माणूस, अशी वेळ तुमच्या घरात आली, तर विचार करीत उभे राहू नका. वस्तूवर घाव घाला. आमचा विचार करू नका. लाकडाला फारसे दुखत नाही. आज सकाळी रंधा फिरत होता, तेव्हा जे दुखत होते ते लाकूड नव्हते.